सोम, बुध, शुक्र : दादा

"हे दयाळू प्रभू," दादा म्हणाला, "वार्निशच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं की वार्निश घट्ट होतं, हे तुला ठाऊक आहे. इतरांनाही ते कळू दे."

मी डोळे मिटून, हात जोडून उभा होतो. इतर म्हणजे मी. दुकानात आम्ही दोघंच भाऊ, तिसरं कुणी नाही. पण देवासमोर एकदम बोट दाखवणं बरं दिसत नाही, म्हणून 'इतर'.

मला लगेच उत्तर देता येत नव्हतं, कारण तो सोमवार होता. सोम, बुध, शुक्र दादाची प्रार्थना. मंगळ, गुरू, शनी माझी. म्हणून मंगळवारी सकाळी मी म्हटलं, "प्रभू, झाकण शेवटी कुणाच्या हातात होतं ते तू वरून बघितलंच आहेस." बुधवारी दादा म्हणाला, "प्रभू, खोटी साक्ष देणाऱ्यांना क्षमा कर. त्यांचा बाप असा नव्हता." बापाला मध्ये ओढल्याबद्दल गुरुवारी प्रभूकडे रीतसर तक्रार करायचं मी ठरवून टाकलं. असं एक झाकण आम्हाला पंधरा दिवस सहज पुरायचं.

दुकान वडिलांचं. जळालेल्या मोटारी उघडायच्या, करपलेली तार कापून काढायची, नवी तांब्याची तार फर्म्यावर, म्हणजे लाकडी साच्यावर, वेढे मोजून गुंडाळायची, ती कॉइल खाचांत बसवायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं आणि मोटार फिरती करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, हा आमचा धंदा. वडिलांनी नियम घालून दिला होता : शटर अर्धं वर करायचं, वाकून आत शिरायचं, प्रार्थना करायची, मग शटर पुरतं वर. आणि प्रार्थना मोठ्यानं. मनातल्या मनात केलेल्या प्रार्थनेवर त्यांचा विश्वास नव्हता. तेवढ्यात माणूस डुलकी काढतो, असं त्यांचं म्हणणं. भावांनी आळीपाळीनं करायची आणि शेवटी चर्चमधली ठरलेली 'प्रभूची प्रार्थना' दोघांनी मिळून. वडील गेले, दादाची बायको गेली, मग आई गेली. नियम राहिला.

आईच्या दफनाच्या दिवसापासून दादा आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो. सात वर्षं.

झालं असं. त्या दिवशी सकाळीच हॉस्पिटलचा पाण्याचा पंप जळाला. बाळंतिणींच्या वॉर्डात थेंबभर पाणी नाही, निरोपावर निरोप. मी म्हटलं, तासाभरात येतो. पोचलो चार तासांनी. तोवर सगळं आटोपलं होतं आणि माणसं दफनभूमीच्या फाटकाशी चपलांची माती झटकत होती. दादानं माझे काळे हात बघितले आणि चारचौघांत म्हणाला, "झाला का पंप चालू? मग झालं." एवढंच. मी तिथल्या तिथे वळलो आणि घरी आलो. तो बोलेना, कारण मी आईपेक्षा पंप मोठा मानला. मी बोलेना, कारण त्यानं लोकांत माझी लाज काढली. शिवाय आणखी एक कारण होतं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

न बोलता दुकान चालतं का? छान चालतं. कामाचं बोलणं मोटारीला बांधलेल्या चिठ्ठीवर. तो लिहायचा, "बेअरिंग बदल." मी लिहायचो, "बदललं." "आवाज येतोय." "तुझ्या कानात." दादा एकटा राहायचा, म्हणून त्याचा जेवणाचा डबा माझी बायको करायची आणि माझ्या हाती द्यायची. मी तो त्याच्या टेबलावर ठेवायचो, संध्याकाळी रिकामा उचलायचो. भाजी खारट झाली की पुढच्या प्रार्थनेत यायचं : "प्रभू, मीठ ही तुझी देणगी आहे, ती जपून वापरायची बुद्धी धाकट्या घराला दे." मी हे घरी जाऊन सांगितलं की बायको म्हणायची, "मीठ एवढं जास्त होतं, तर डबा पुसल्यासारखा कसा येतो?" मग मी ते गुरुवारी प्रभूच्या कानावर घालायचो.

आमच्या शेजारी बेकरी आहे. बेकरीवाल्याला आमच्या प्रार्थनेची गोडी लागली होती. रोज सकाळी तीन चहा घेऊन तो अर्ध्या शटरपाशी यायचा, वाकून विचारायचा, "आज कुणाचा नंबर?" आणि टोपी काढून उभा राहायचा. भक्तीनं नाही, मजा म्हणून. एकदा दादाची प्रार्थना झाल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आज तुमच्यावर लई चढवलं हो मोठ्यांनी. उद्या सोडू नका."

आता कुणी म्हणेल, निर्लज्ज आहात दोघं, देवाला टपालवाला केलात. खरं आहे. पण माझी बाजूही ऐका. मी रोज सकाळी दात घासताना ठरवायचो, आज बोलायचं. जुनं सोडायचं, नव्यानं सुरुवात. शटरपाशी पोचेपर्यंत हा निश्चय अगदी पक्का असायचा. शटर जुनं, एका बाजूनं उचललं की अडकतं, म्हणून दोघांनी दोन बाजूंनी धरावं लागतं. आम्ही वाकायचो, डोकी जवळ यायची, मी तोंड उघडायचो, आणि नेमका तो घसा खाकरायचा. मला वाटायचं, हाच बोलतोय, बोलू दे. त्याला वाटत असणार, मी बोलतोय. शटर वर जायचं आणि आम्ही दोघं गप्प आत. सात वर्षांत अशा नव्या सुरुवाती मी दोन हजारांवर केल्या असतील.

चर्चमध्येही तेच. पाळकसाहेब वर्षारंभी नव्या सुरुवातीवर बोलायचे, क्षमेवर बोलायचे. मी उजवीकडच्या बाकावर, दादा डावीकडच्या. मी मान डोलवायचो, कारण हे दादाला अगदी लागू होतं. तिकडे बघावं तर तोही मान डोलवत असायचा. आणि रोज दुकानात प्रभूची प्रार्थना म्हणताना 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला क्षमा कर' ही क्षमेची ओळ आली की आम्ही दोघेही वेग वाढवायचो. बाकी सगळं संथ, तेवढ्या ओळीला उतार लागायचा. बेकरीवाल्याच्याही ते लक्षात आलं होतं. "इथे तुमची गाडी फार पळते बुवा," असं तो एकदा म्हणाला.

तर त्या बुधवारी झाकणावरून माझा बाप काढून झाल्यावर दादा थांबला. मला वाटलं, आमेन म्हणेल. तो म्हणाला, "प्रभू, पन्नास वर्षं या दुकानात तू मला काम दिलंस. या शनिवारनंतर मी येणार नाही. रविवारी पहाटेच्या गाडीनं मुलीकडे जातोय, कायमचा. दुकान बघणारा आहे, तो बघेल. आमेन."

माझे डोळे उघडले. समोर दादा डोळे मिटून, टाचा जुळवून उभा. बाहेर बेकरीवाल्याच्या हातातला चहा हिंदकळला. दादानं प्रभूची प्रार्थना सुरू केली, मी मागून बडबडत गेलो, काय म्हणालो मला माहीत नाही.

दिवसभर मी त्याच्याकडे बघत होतो. तो नेहमीसारखा तारेचं रीळ लावून बसला होता. आता विचारायला काय जात होतं? दादा, का रे? तीन शब्द. पण सात वर्षं तोंड शिवलेलं, ते असं उसवत नाही. उलट दुपार होईपर्यंत मला राग यायला लागला. सख्खा भाऊ आणि मला ही बातमी देवाकडून कळते? म्हणजे देवानंतर माझा नंबर?

त्या रागातच मी गुरुवारी प्रार्थना केली. "प्रभू, ज्यांना जायचंय त्यांना सुखरूप पोचव. इथे कुणाचं कुणावाचून अडत नाही. आमेन."

बोललो आणि माझं मलाच ते ऐकू आलं. बेकरीवाल्यानं चहा खाली ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती कपडे घड्या करत होती, ती थांबली. "असं म्हणालात? देवाच्या समोर?"

"मग त्यानं मला सांगायला नको होतं?"

"तुम्ही विचारलंत का कधी काही? सात वर्षांत?"

"त्यानंही नाही विचारलं."

"व्वा! म्हणजे बरोबरी झाली," ती म्हणाली. "आता रविवारी ते गाडीत बसले की ढोल वाजवा, जिंकलात म्हणून."

शुक्रवारी दादाचा नंबर. त्यानं फार वेळ घेतला नाही. "प्रभू, काल निरोप पोचला. तुझे आभार. आमेन."

आता दादाच्या हातांबद्दल सांगायला हवं. दोनेक वर्षांपासून त्याची बोटं थरथरत होती. बारीक तार हातातून निसटायची, वेढे मोजताना आकडा चुकायचा. बहात्तर वेढ्यांच्या जागी अडुसष्ट, कधी पंचाहत्तर. अशी मोटार चालते, पण तापते, आणि महिन्याभरात पुन्हा जळून दारात येते. ज्या माणसानं मला वेढे मोजायला शिकवलं, चुकलं की पहिल्यापासून मोजायला लावलं, त्याला मी कुठल्या तोंडानं सांगणार की तुझं चुकतंय? म्हणून मी एक युक्ती काढली होती. जेवणानंतर दादा खुर्चीत मान टाकून अर्धा तास झोपायचा. तेवढ्यात मी त्याची कॉइल तपासायचो आणि बिघडली असेल तर गुपचूप उलगडून नव्यानं गुंडाळून ठेवायचो. दीड वर्ष हे चाललं होतं. मला याचा थोडा अभिमानही होता. भांडण आहे, पण मोठ्या भावाची अब्रू सांभाळतोय, असं वाटायचं.

शुक्रवारी दुपारी बेकरीच्या पीठ मळायच्या यंत्राची मोटार होती. दादानं सकाळी कॉइल केली, जेवला, झोपला. मी तपासली, तर पाच वेढे कमी. उलगडली, पुन्हा केली, जागेवर ठेवली. दादा उठला, तोंड धुऊन आला, चष्मा लावला आणि ती कॉइल हातात घेऊन वेढे एकेक करून मोजत बसला. मग त्यानं चिठ्ठी लिहिली, मोटारीला बांधली आणि मोटार माझ्या बाजूला सरकवली.

चिठ्ठीवर होतं : "हिच्यात मी मुद्दाम पाच वेढे कमी घातले होते. आता पुरे भरले. मी दुपारी झोपत नसतो."

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. म्हणजे दीड वर्ष हा माणूस मान टाकून, डोळे मिटून बसायचा आणि मी त्याचं काम उलगडतोय हे ऐकत राहायचा! तार सुटल्याचा आवाज तो ओळखणार नाही तर कोण ओळखणार? आणि आता मला कळलं, तो मुलीकडे का निघालाय. मुलगी पाच वर्षं बोलावत होती, तेव्हा गेला नाही. त्याला मी घालवत होतो. तोंड मिटून चांगुलपणा करत करत मी माझ्या भावाला दुकानातून घालवलं होतं.

"दादा, तसं नव्हतं रे." हे वाक्य माझ्या गळ्यापर्यंत आलं. खरंच आलं. पण मी काय केलं? पेन्सिल घेतली, चिठ्ठी उलटी केली आणि बराच वेळ विचार करून लिहिलं, "बेअरिंग?"

दादानं वाचलं आणि खाली लिहिलं, "ठीक."

घरी येऊन मी बायकोसमोर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. चिठ्ठी सांगितली, बेअरिंग सांगितलं. ती आधी हसली. पोट धरून हसली, "बेअरिंग! अहो, बेअरिंग काय!" आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मग मी तिला ते सात वर्षांपूर्वीचंही सांगितलं, जे कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन बसली.

थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या तुमचा नंबर ना? आता देवाला मध्ये घालू नका. सरळ दादांना सांगा."

"जमायचं नाही मला."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "मग घाला मध्ये. त्याला आता सवय झालीय."

शनिवारी शटरपाशी दादा माझ्याआधी उभा होता. इस्त्रीचा शर्ट. हातात रिकामी पिशवी, स्वतःची हत्यारं न्यायला. आम्ही वाकलो, मी तोंड उघडलं, त्यानं घसा खाकरला, शटर अर्धं वर गेलं. बेकरीवाला चहा घेऊन हजर. त्यानंही धुतलेला शर्ट घातला होता. त्यानं आज नंबर विचारला नाही.

मी हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं. "हे दयाळू प्रभू, या नव्या दिवसाबद्दल तुझे आभार. सगळ्या आजाऱ्यांना बरं कर. प्रवासी लोकांना सांभाळ. राज्य करणाऱ्यांना अक्कल दे. पाळकसाहेबांच्या गुडघ्याला आराम दे. विधवा, अनाथ, बेघर यांना..."

"मुद्द्याला या," शटरखालून बेकरीवाला हळू आवाजात म्हणाला.

मी थांबलो.

"प्रभू," मी म्हटलं, "दादाच्या कॉइल मी उलगडायचो. दीड वर्ष. त्याला कमी लेखायला नव्हतं ते, तुला माहीत आहे. त्याच्या हातची मोटार जळून परत आलेली त्यानं बघू नये, एवढंच मनात होतं. मला विचारायला हवं होतं. एक तोंड दिलंयस, ते मी वापरलं नाही. आणि गुरुवारी जे वापरलं, ते नसतं वापरलं तर बरं झालं असतं. माझं त्याच्यावाचून अडतं. फार अडतं."

इथे आमेन म्हणून सुटता आलं असतं. माझी जीभ त्या दिशेला वळलीही होती.

"आणि प्रभू, आईच्या वेळचं. पंपाचं. तो पंप एका तासात झाला होता. तुला ठाऊक आहे, तू होतास तिथे. पाणी चढलं, नर्सबाई येऊन चहाही देऊन गेल्या. मी निघालोच नाही. तीन तास पंपाच्या खोलीत दार लावून बसलो होतो. आईला खाली सोडताना मला बघवलं नसतं. सगळ्यांना वाटलं, मी कामात अडकलो. मी वाटू दिलं. दादा जे बोलला त्याचा राग धरला, कारण राग धरला की खरं सांगावं लागत नाही. मी भ्यालो होतो, प्रभू. माझी आई आणि मीच नव्हतो तिथे. आमेन."

डोळे उघडायची हिंमत होईना. एवढ्यात शटर करकरलं. बेकरीवाल्यानं बाहेरून ते हळूच खाली ओढून घेतलं होतं, आणि बाहेर कुणाला तरी सांगताना त्याचा आवाज आला, "आत काम चाललंय. थोडं थांबा. नाही, मोठं काम आहे."

आता प्रभूची प्रार्थना सुरू व्हायला हवी होती. दादा सुरू करेना. मी वाट बघत राहिलो. दुकानात वार्निशचा वास आणि वरच्या दिव्याची गुणगुण.

"बारक्या," दादा म्हणाला.

सात वर्षांनी. माझं वय एकोणसाठ, वजन नव्वद किलो.

"काय?"

"बसलास कशावर?"

"कुठे?"

"त्या पंपाच्या खोलीत. तीन तास. तिथे तर नीट उभं राहायलाही जागा नाही. मी बघितलीय ती खोली."

"बादली होती. उपडी घातली."

"पत्र्याची?"

"पत्र्याचीच."

दादानं मान हलवली. बराच वेळ तो त्या बादलीचा विचार करत असावा. "टोचली असेल," तो म्हणाला.

"टोचली ना."

मग तो स्टुलावर बसला, हात मांडीवर ठेवले. हात थरथरत होते आणि आज तो ते लपवत नव्हता. "मूठमातीच्या वेळी मी तुझी वाट बघितली," तो म्हणाला. "पाळकसाहेबांना म्हटलं, पाच मिनिटं. मग आणखी पाच म्हटलं. त्यांना पुढे दुसरीकडे लग्न लावायचं होतं. शेवटी म्हणाले, आता नाही थांबता येत. मग मी दोन मुठी टाकल्या. एक या हातानं, एक या. पाळकसाहेब म्हणाले, एकच टाकायची असते. मी म्हटलं, दुसरी धाकट्याची आहे."

मी तिथेच, मोटारींच्या खोक्यावर बसून, रडलो. मोठ्यानं रडलो. दादानं थोडा वेळ रडू दिलं.

"हे मला सांगायचं नाहीस?" मी शेवटी म्हटलं. "सात वर्षं?"

"तू विचारलंस?"

"प्रार्थनेत तरी सांगायचंस! मिठाचं सांगितलंस, झाकणाचं सांगितलंस!"

"ते सोपं होतं," दादा म्हणाला. आणि उठून उभा राहिला. "चल, राहिलीय ती म्हणू. बाहेर लोक खोळंबलेत."

आम्ही प्रभूची प्रार्थना म्हटली. क्षमेची ओळ आली तेव्हा दोघांनीही पाय ब्रेकवर ठेवला. इतक्या सावकाश आम्ही ती कधी म्हटली नव्हती, आणि सवय नसल्यामुळे मध्येच दोघंही अडखळलो, पुन्हा पहिल्यापासून घेतली. मग वाकून शटर उचललं. बाहेर बेकरीवाला हात पसरून उभा, त्याच्यामागे पाच गिऱ्हाइकं. "झालं काम?" त्यानं विचारलं. दादा म्हणाला, "चहा गार केलास." बेकरीवाला त्याला म्हणाला, "दुसरा आणतो, दहा आणतो," आणि नाक ओढत पळाला.

त्यानंतर दादा जो बोलायला लागला तो थांबेना. सात वर्षांचं साठलेलं. माझी पकड धरायची पद्धत चुकीची आहे. मी जाड झालोय. माझ्या बायकोची भाजी खारट नसते, पण काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून तो तसं म्हणायचा. झाकण मात्र मीच उघडं ठेवलं होतं, त्यावर तो ठाम. मी म्हटलं, नाही, तूच. दुपारपर्यंत आम्ही त्यावरून कचाकचा भांडलो, समोरासमोर, भर गिऱ्हाइकांत. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

जेवणानंतर मी त्याला म्हटलं, "राहा की. नको जाऊस. तू फक्त बसून राहा, वेढे मी घालतो, तू मोज."

तो खुर्चीत मान टाकून बसला होता. डोळे न उघडता म्हणाला, "मोजतानाही चुकतो रे आता. पोरगी एकटी आहे तिकडे, नातवंडं लहान आहेत. तिला शब्द दिलाय." थोड्या वेळानं म्हणाला, "तू हे आधी म्हणाला असतास तर कदाचित राहिलो असतो." हे तो चिडून बोलला नाही, आणि मला ते जास्त लागलं.

संध्याकाळी त्यानं हत्यारं पिशवीत भरली. सगळी नाही; लाकडी फर्मा आणि वडिलांची कात्री माझ्या टेबलावर ठेवली. शटर ओढलं, कुलूप घातलं, किल्ली माझ्या हातात दिली. सकाळी स्टेशनावर पोचवायला येतो म्हटलं तर म्हणाला, "पहाटेची गाडी आहे, तू उठणार का? बायकोच्याही झोपेचं खोबरं नको करूस. घरीच राहा." मी म्हटलं, "येणारच." तो म्हणाला, "ये मग."

आम्ही बस-स्टॉपवर उभे राहिलो. रोजची त्याची बस, मी घरी उलट्या दिशेला चालत जातो. त्या दिवशी मी पिशवी धरून त्याच्याबरोबर थांबलो. तो मला पुतणीच्या घराबद्दल सांगत होता : तिसरा मजला, खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं, गॅलरीत एक मोडका पंखा पडलाय, तो आधी बघणार. हात थरथरले तर थरथरले, पंखा कुणाला परत द्यायचा नाही. बस आली. तो पंख्याबद्दल बोलत होता, त्याला बसकडे लक्षच द्यायचं नव्हतं. ती गेली.

दुसरी आली. दादानं खाली बघितलं, चपलेचा अंगठा नीट केला, अगदी निवांत. दार बंद होऊन ती निघेपर्यंत त्याचं ते चाललं होतं.

तिसरी आली ती आमच्या पुढ्यातच थांबली. दार उघडलं. कंडक्टर म्हणाला, "चला आजोबा, यायचंय ना?" दादानं मान उंचावून आत नजर टाकली, पुढून मागेपर्यंत सावकाश बघितलं आणि एक पाऊल मागे आला.

"नको," तो मला म्हणाला. "फार गर्दी आहे."

मी वाकून बघितलं. ड्रायव्हर, कंडक्टर आणि खिडकीशी पेंगणारी एक बाई.

"हो ना," मी म्हटलं, "पाय ठेवायला जागा नाही."